पाण्याखालचा पोशाख : माप अंगाचे घ्यावे

साठी उलटल्यावर माणसाने काय करावे आणि काय करू नये, याची यादी आपल्याकडे आप्तस्वकीय तयारच ठेवतात. माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, बासष्टाव्या वर्षी मालवणच्या समुद्रात पाण्याखाली जाऊन मासे पाहण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा घरातील निम्मी माणसे हसली आणि उरलेल्यांनी विषय बदलला. ताईची उंची पाच फूट, वजन ९४ किलो; रक्तदाबाची एक गोळी रोजची आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. याच गुडघ्यांसाठी ती आठ वर्षे नित्यनेमाने पोहण्याच्या तलावावर जात होती. "जमिनीवर मी जड आहे, पाण्यात नाही," असे ती म्हणे. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला समुद्राचा तळ एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावासा वाटला, यात नवल ते काय?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील उथळ, खडकाळ पाण्यात पर्यटकांना प्रशिक्षकाच्या सोबतीने पाण्याखाली नेले जाते. आम्ही सारे कुटुंब नातवाच्या सुट्टीत तेथे गेलो. होडीत काळ्या रबरी पोशाखांचा ढीग पडला होता. हा पोशाख म्हणजे वेटसूट. ताईच्या हाती त्यातला सर्वांत मोठा दिला गेला. तो बेताच्या शरीराच्या उंच पुरुषासाठी बेतलेला होता. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, पाय घोट्यापाशी चुण्या पडून साचले होते आणि पोट-छातीवर मात्र तो बसेना. दोघांनी मिळून पाठीवरची चेन ओढली. "आजी, जरा श्वास आत घ्या," असे एक मुलगा म्हणाला आणि चेन एकदाची लागली. पण आत घेतलेला श्वास नंतर पुरता बाहेरही पडला नाही, की दुसरा पुरता आतही गेला नाही.

होडी खडकापाशी पोहोचेपर्यंत वीस मिनिटे ती त्या पोशाखात उन्हात बसून होती. गळपट्टी गळ्यात रुतत होती. पाण्यात उतरून शिडीला धरल्यावर तिला गरगरले. "मला श्वास येत नाही," एवढेच ती म्हणाली. प्रशिक्षकाने तिला लगेच वर घेतले, चेन उघडली, पाणी पाजले. दहा मिनिटांत ती सावरली. परतीच्या वाटेवर ती एकच वाक्य बोलली, "चूक कुणाची नाही गं, माझंच शरीर आडवं आलं."

त्यानंतर तिने तलावावर जाणेही सोडले. पोहण्याचा पोशाख कपाटात मागे गेला आणि सहा महिन्यांत गुडघ्यांचे दुखणे पूर्वीच्या जागी आले. हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे, कारण ते वाक्य चुकीचे होते. शरीर आडवे आले नव्हते. न बसणारा पोशाख आडवा आला होता आणि तो अंगावर चढवू देणारे आम्ही सारे त्यात वाटेकरी होतो.

वेटसूट काम कसे करतो?

पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. मालवणच्या समुद्राचे पाणी हंगामात साधारणपणे २६ ते ३० अंश सेल्सिअस असते. हाताला ते कोमट वाटते; पण आपल्या त्वचेहून ते थंडच असते, म्हणून त्यात बराच वेळ राहिल्यास शरीर हळूहळू गार पडते. वाढत्या वयात शरीराची उष्णता राखण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे तरुण नातवाला जाणवणार नाही अशी थंडी आजीला बाधू शकते.

वेटसूट निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. हे रबर १९३० साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जन्माला आले. त्याला स्पंजासारखा फुगवून त्यात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकवले, की तो उष्णता रोखणारा थर बनतो. बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट ओळखली : ऊब टिकवण्यासाठी अंग कोरडे राहण्याची गरज नाही. ऊब टिकते ती रबरातील बुडबुड्यांमुळे. पोशाखात थोडे पाणी शिरले तरी हरकत नाही. ते अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि तेथेच राहते. अट एवढीच, की ते पाणी आत-बाहेर वाहता कामा नये.

मापाचे सारे महत्त्व या अटीत आहे. पोशाख सैल असला, तर कमरेच्या खळग्यात, काखेत, गुडघ्यामागे पाणी साचते आणि प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर जाऊन गार पाणी आत येते. असा पोशाख घातला काय नि न घातला काय, सारखेच. आणि तंग असला तर काय होते, हे ताईने अनुभवले होतेच.

तंग पोशाख आणि हृदय

घट्ट कपड्याने अस्वस्थ वाटते, हे आपण जाणतो. पाण्यात मात्र प्रश्न अस्वस्थतेपुरता राहत नाही.

मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या जातात. जबड्याच्या खाली, जेथे या धमन्यांना फाटा फुटतो, तेथे रक्तदाबावर लक्ष ठेवणाऱ्या संवेदी पेशी असतात. गळपट्टीचा दाब तेथे सतत पडला, तर त्या पेशींना रक्तदाब वाढल्यासारखे भासते आणि त्या हृदयाला सावकाश होण्याचा संदेश देतात. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, गरगरते, क्वचित शुद्धही हरपते. उतारवयात ही यंत्रणा काहींच्या बाबतीत अधिक हळवी असते. जमिनीवर माणूस खाली बसून सावरतो, पाण्याखाली ती सोय नाही.

दुसरी बाब छातीची. पाण्यात शिरताच हातापायांतील बरेचसे रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाला नेहमीपेक्षा अधिक रक्त हाताळावे लागते. भरीला पाण्याचा दाब छातीवर आणि पोटावर असतो. ज्यांचे पोट मोठे आहे त्यांच्या श्वासपटलाला आधीच खाली सरकायला जागा कमी. त्यावर रबराचा करकचून आवळलेला थर आला, की प्रत्येक श्वासासाठी जोर लावावा लागतो, श्वास उथळ होतो, धाप लागते आणि धापेतून भीती निर्माण होते. पाण्याखाली घाबरणे हा अपघाताकडे नेणारा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

तिसरी बाब कमी ठाऊक असली तरी ज्येष्ठांनी अवश्य जाणून घ्यावी. काही व्यक्तींच्या फुप्फुसांत पाण्यात असताना द्रव झिरपू लागतो. वाढते वय, उच्च रक्तदाब, थंड पाणी, अतिश्रम आणि तंग पोशाख ही त्यामागची कारणे मानली जातात. अचानक धाप, खोकला, छातीत घरघर, गुलाबीसर फेसाळ कफ ही त्याची लक्षणे. असे काही जाणवल्यास त्याच क्षणी सावकाश वर यावे, पाण्याबाहेर यावे, पोशाख उघडावा, रुग्णाला आडवे न करता बसते ठेवावे, प्राणवायू द्यावा आणि रुग्णालय गाठावे. "थोडा दम लागलाय, होईल कमी," म्हणून थांबू नये.

आधी डॉक्टर, मग पोशाख

सहा महिन्यांनी ताईच्या गुडघ्यांसाठी आम्ही तिच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा बोलता बोलता होडीतला प्रसंग निघाला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गळपट्टीविषयी आणि दुसरा, त्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेतली होती का, याविषयी. मग ते म्हणाले, "पुन्हा जायचे असेल तर आधी तपासणी करू. तुमचे हृदय काय म्हणते ते पाहू. पोशाखाचा प्रश्न सुटण्यासारखा आहे."

स्कूबा डायव्हिंगसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय प्रश्नावलीत ४५ वर्षांवरील व्यक्तींना रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि घराण्यातील हृदयविकार यांविषयी वेगळे प्रश्न विचारलेले असतात. त्यांपैकी एकाचे जरी उत्तर 'होय' असले, तरी डॉक्टरांची लेखी संमती घ्यावी लागते. पर्यटनस्थळी हा कागद घाईघाईने पुढे केला जातो आणि आपणही डोळे झाकून सही करतो. ज्येष्ठांनी तसे करू नये. हृदयाची तपासणी, चालत्या पट्ट्यावरील चाचणी, फुप्फुसांची तपासणी, कानांची तपासणी आणि चालू औषधांचा आढावा हे सारे घरून निघण्याआधी व्हावे. रक्तदाबाची काही औषधे श्रम करण्याची क्षमता कमी करतात. मधुमेहाच्या काही औषधांनी साखर एकाएकी उतरू शकते. म्हणून गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी आणि आपल्या मनाने एकही गोळी थांबवू नये.

वजनाविषयीही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. पाण्याखाली दाबामुळे श्वासातील नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि चरबीत तो पाण्याच्या मानाने सुमारे पाच पट अधिक विरघळतो. म्हणून स्थूल व्यक्तीने खोली कमी, वेळ कमी आणि वर येणे अगदी सावकाश, हा नियम कसोशीने पाळावा. वजन कमी करण्याचे लाभ आहेतच. त्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोलावे. पण ते बोलणे दवाखान्यात शोभते. होडीवर, चार परक्यांदेखत, चेन लागत नाही म्हणून कोणी ते काढू नये.

ताईला संमती मिळाली : सहा मीटरच्या खाली जायचे नाही आणि पंधरा मिनिटांहून अधिक थांबायचे नाही, या अटींवर. भावोजींनाही जाण्याची हौस होती. पण चार महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी त्यांना नकार दिला आणि त्यांनी तो निमूटपणे स्वीकारला. एकाच तपासणीतून एकाला होकार आणि दुसऱ्याला नकार मिळावा, यातच तपासणीचे सार्थक आहे.

तयार मापांची अडचण कोठे आहे?

तयार वेटसूटची मापे ठरवताना बहुधा असे गृहीत धरलेले असते, की माणूस रुंदीला वाढतो तसा उंचीलाही वाढतो. त्यामुळे पोटाला बसेल असे माप घेतले, तर हातपाय वीतभर लांब येतात. उंचीला बसेल असे घेतले, तर छातीवर चेन लागत नाही. ठेंगण्या आणि स्थूल व्यक्तीची, विशेषतः स्त्रियांची, यात दुहेरी कुचंबणा होते.

खरे तर आपल्याकडच्या बायकांना हा प्रश्न नवा नाही. तयार ब्लाऊज अंगाला बसत नाही, म्हणून आपण शिंप्याकडे जातो. तो छाती, कंबर, मुंढा, दंडाचा घेर अशी वेगवेगळी मापे घेतो आणि ब्लाऊज बसला नाही, तर आपण ब्लाऊज परत देतो; आपल्या अंगाला दोष देत नाही. हाच न्याय वेटसूटला का लावू नये? ताईला ही गोष्ट पटली, तेव्हा सहा महिन्यांत प्रथमच ती मोकळेपणाने हसली.

निवडीचे चार मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सोपा आणि आपल्या समुद्राला साजेसा आहे. कोमट पाण्यात, उथळ जागी, पंधरा-वीस मिनिटांच्या बुडीसाठी जाड वेटसूटची गरज बहुधा नसते. लवचीक लायक्राचा लांब बाह्यांचा सदरा आणि लांब विजार पुरेशी ठरते. लायक्रा चारी बाजूंनी ताणले जाते, छाती आवळत नाही, उन्हापासून आणि खडकांवरच्या धारदार कालवांच्या ओरखड्यांपासूनही बऱ्यापैकी वाचवते. होडीवर योग्य मापाचा वेटसूट नसेल, तर "लायक्रावर चालेल का?" असे प्रशिक्षकाला निःसंकोच विचारावे. ज्यांना थंडी लवकर बाधते त्यांनी मात्र पुढचे मार्ग पाहावेत.

दुसरा मार्ग दोन भागांच्या पोशाखाचा. खाली बिनबाह्यांची, खांद्यावरून येणारी बंडी-विजार आणि वर पुढून चेन असलेले जाकीट. यात वरचा भाग एका मापाचा आणि खालचा दुसऱ्या मापाचा घेता येतो. नितंब मोठे आणि छाती बेताची, किंवा याच्या उलट, अशा शरीरांना हा पोशाख उत्तम. पुढून चेन असल्याने खांदे आखडलेल्या ज्येष्ठांना तो चढवणे सोपे जाते. जाकीट काढून लघुशंकेला जाणेही सुकर होते. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण पाण्यात शिरल्यावर लघवी अधिक होते, हा शरीरधर्म आहे. त्या धास्तीने अनेक ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि उन्हात गळून जातात.

तिसरा मार्ग दुरुस्तीचा. खांदे, छाती नीट बसत असून केवळ हातपाय लांब असतील, तर ते कापून घेता येतात. पोटाला कमी पडत असेल, तर जाणकार कारागीर दोन्ही बगलांना निओप्रीनची पट्टी, आपल्या झब्ब्याला कळी घालतात तशी, चिकटवून शिवून देतो. हे काम नेहमीच्या शिलाई यंत्रावर करू नये. सुई आरपार गेली, की प्रत्येक भोकातून पाणी येते.

चौथा मार्ग मापाने शिवून घेण्याचा. तो तयार पोशाखापेक्षा महाग पडतो आणि वेळही घेतो. एकदाच बुडी मारायची असेल, तर एवढा खर्च करू नये. पण वारंवार जाणार असाल, किंवा थंडीच्या दिवसांत उघड्या तलावात व्यायामासाठीही तो पोशाख वापरणार असाल, तर खर्च सार्थकी लागतो. ताईने हाच मार्ग निवडला, कारण तिला तलावावर परतायचे होते. उबदार पोशाखात तिचे गुडघेही अधिक सैल होत.

जाडी कितीची घ्यावी? आपल्या किनाऱ्यासाठी तीन मिलिमीटर पुरेशी. जाडी वाढली, की लवचीकपणा घटतो, पोशाख जड होतो आणि पाण्यात तरंगण्याची ओढ वाढते.

माप कसे घ्यावे?

ताईचे माप भावोजींनी घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात हे काम त्यांनी प्रथमच केले. "अहो, पोट आत ओढू का?" असे तिने विचारले. "नको, आहे तेवढंच लिहितो," असे म्हणून त्यांनी आकडा लिहिला. माप घेण्याचे मर्म या दोन वाक्यांत आहे. लाजून दोन इंच कमी सांगितले, तर ते दोन इंच पाण्याखाली छातीवर येऊन बसतात.

माप दुसऱ्याने घ्यावे आणि ते पोहण्याच्या पोशाखावर, मऊ फितीने, फीत न आवळता घ्यावे. उंची, वजन, मान, छाती, स्तनांखालचा घेर, कंबर, पोटाचा सर्वांत मोठा घेर, नितंब, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, दंड, मनगट, खांद्यापासून मनगटापर्यंतची लांबी, जांघेपासून घोट्यापर्यंतची लांबी आणि खांद्यावरून जांघेखालून पुन्हा त्याच खांद्यापर्यंतचा वळसा अशी सारी मापे लिहून ठेवावीत. हा शेवटचा वळसा बहुतेक जण विसरतात आणि मग पोशाख खांदे खाली ओढत राहतो. ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात त्यांनी पोटरी-घोट्याचे माप सकाळी व संध्याकाळी असे दोनदा घ्यावे आणि मोठे माप धरावे. घोट्याला आणि मनगटाला छोटी चेन असलेला पोशाख अशांना फार सोयीचा पडतो.

घालून पाहताना

पोशाख घरी आला, की पुढील गोष्टी तपासाव्यात.

• चेन लावून शांतपणे दहा दीर्घ श्वास घ्यावेत. दहावा श्वास पहिल्याइतकाच मोकळा असावा.

• गळपट्टीखाली एक बोट सहज सरकावे. मान दोन्हीकडे वळवून पाहावी. गरगरणे, डोके जड होणे, घशाशी दाटल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाल्यास तो पोशाख नापास.

• हात डोक्यावर न्यावेत, खुर्चीवर बसून उठावे, पुढे वाकावे. खांद्याला वा जांघेला ओढ बसू नये.

• कमरेच्या खळग्यात, काखेत आणि गुडघ्यामागे मोठी पोकळी राहू नये.

• पंधरा मिनिटे घालून बसावे. बोटे बधिर वा निळसर झाली, तर मनगटे तंग आहेत. मधुमेहींनी पोशाख काढल्यावर पायांची बोटे आणि टाचा नीट पाहाव्यात.

कोरड्या अंगावर पोशाख थोडा घट्टच वाटतो आणि पाण्यात किंचित सैलावतो, हे ध्यानी ठेवावे. मात्र 'घट्ट' आणि 'श्वास अडणारा' यांतील फरक घालणाऱ्याच्या शब्दावरूनच ठरवावा; पाहणाऱ्याच्या अंदाजावरून नको.

मदत करणाऱ्यांसाठी

वेटसूट चढवणे हे कष्टाचे काम आहे. बुडी मारण्याआधीच ज्येष्ठांची दमछाक होते ती येथे. त्यांना स्थिर आसनावर बसवावे. पायात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून मग पोशाख चढवला, तर पाय सरकन आत जातो. नंतर पिशवी काढून घ्यावी. हातांसाठीही हीच युक्ती. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने रबर खराब होते. नखांनी ओढू नये. बोटांच्या पेरांनी थोडे थोडे वर सरकवावे. पोटऱ्या, मांड्या, कंबर असा क्रम ठेवावा आणि खालचा भाग पुरता वर आल्याशिवाय वरचा ओढू नये.

होडीवर उन्हात संपूर्ण पोशाख घालून बसू देऊ नये. तो कमरेपर्यंतच चढवावा, वरचा भाग बुडीच्या जागी पोहोचल्यावर घालावा आणि तोवर सावली व पिण्याचे पाणी द्यावे. ताईच्या पहिल्या प्रसंगात गळपट्टीइतकाच उन्हाचाही वाटा असावा, असे डॉक्टरांचे मत पडले.

वेटसूट आणि शरीरातील चरबी दोन्ही माणसाला वर तरंगवतात, म्हणून वजनांचा पट्टा बांधावा लागतो. गोल पोटावरून हा पट्टा घसरतो. अशा वेळी ज्या जॅकेटात वजने ठेवण्याचे खिसे असतात ते मागावे. वजन अंदाजाने न ठरवता पाण्यात पाहून ठरवावे : पूर्ण श्वास घेऊन स्थिर राहिल्यास पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू बुडावा. पाठीवरच्या टाकीचे जॅकेटही पोट-छातीवर नीट बसते का, हे पाहावे. पोशाख मापाचा आणि जॅकेट तंग, असे झाले तर सारे कष्ट वाया.

पुन्हा मालवण

पुढच्या हिवाळ्यात ताईने आधी तलावात चार दिवस सराव केला. तोंडातील नळीने श्वास घेणे, मुखवट्यात आलेले पाणी काढणे, खुणेने 'वर चला' असे सांगणे हे सारे तिने तेथे पक्के केले. मग आम्ही पुन्हा मालवणला गेलो. फोनवर आधीच वय, वजन, औषधे, डॉक्टरांची अट आणि स्वतःचा पोशाख आणत असल्याचे सांगितले होते. प्रशिक्षकाने गर्दी नसलेली सकाळची वेळ दिली.

होडीवर भावोजींनी तिची चेन लावली. तिने दहा श्वास मोजले. मग मान हलवून शिडीवर पाऊल ठेवले. शिडीशी क्षणभर ती थबकली; मागच्या वर्षीची आठवण तिथेच उभी असावी. प्रशिक्षक घाई न करता थांबला. ती खाली गेली.

भावोजी होडीच्या कडेला बसून घड्याळ पाहत होते. चौदाव्या मिनिटाला बुडबुडे जवळ आले आणि ताईचे डोके पाण्यावर आले. मुखवटा काढून ती प्रथम काय बोलली असेल? "अहो, खाली मला गुडघेच नव्हते!"

तिने पाहिलेले पट्टेरी मासे, खडकाला बिलगलेले प्रवाळ, वाळूवर हलणारी उन्हाची जाळी यांचे वर्णन आम्ही अजूनही ऐकतो आहोत. पण मला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. आठवड्यातून तीन दिवस ती पुन्हा तलावावर जाऊ लागली आहे. घरी आल्यावर पोशाख गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, रुंद हँगरवर सावलीत वाळत घालते. त्या पोशाखावर आतल्या बाजूने एक चिठ्ठी शिवलेली आहे; शिवणाऱ्याने तिच्यावर मापाचा क्रमांक न लिहिता ताईचे नाव लिहिले आहे.

आपल्या घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने पाणी, चालणे, व्यायाम वा प्रवास अचानक सोडून दिला असेल, तर कारण विचारून पाहावे. पुष्कळदा आजार हे कारण नसते. कोठेतरी एखादी खुर्ची अरुंद पडलेली असते, एखादा पट्टा अपुरा पडलेला असतो, एखादी चेन लागलेली नसते. आणि त्या माणसाने दोष स्वतःच्या अंगाला दिलेला असतो. तेव्हा मऊ फीत घ्यावी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि अंगाचे माप खरे लिहावे.